बहिणींची नावं इतर हक्कात आहेत, टोकन झालंय. घेणाऱ्या पार्टीला सांगू का?

सिन्नरचा_नवखा

नमस्कार. मी सिन्नरचा, वय 24. वडील मुसळगाव एमआयडीसीत होते, कंपनी बंद पडली तसे घरीच आहेत. बी.कॉम. झाल्यावर सात महिन्यांपूर्वी मी जमिनीच्या व्यवहारात पडलो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडे नाशिक, ठाणे, मुंबईहून लोक जमिनी बघायला येतात. गावं माहीत आहेत, माणसं ओळखीची आहेत, म्हटलं आपल्याला जमेल. आजवर हातून झालं काय, तर दोन भाड्याच्या खोल्या आणि एक गाळा.

आता पहिला मोठा व्यवहार जुळलाय. 1 एकर 10 गुंठे, विहीर आहे, सौदा 45 लाखांना ठरला. घेणारे ठाण्याचे आहेत, मुरबाडकडे त्यांची वडिलोपार्जित शेती आहे, त्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण नाही. गेल्या रविवारी 51 हजार टोकन दिलं, विसार पावती (टोकन मिळाल्याची पावती) झाली, तिच्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. येत्या सोमवारी 5 लाख देऊन साठेखत (खरेदीखताच्या आधीचा करार) करायचं ठरलंय.

काल रात्री सातबारा पुन्हा नीट वाचला. वर दोघा भावांची नावं आहेत, पण इतर हक्काच्या रकान्यात दोन बहिणींची नावं आहेत. मला वाटायचं त्या रकान्यात फक्त बँकेचा आणि सोसायटीचा बोजा असतो. थोरल्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "बहिणींचं काही नाही रे, लग्नं होऊन वीस वर्षं झाली. खरेदीखताच्या दिवशी येतील, सही करतील."

पार्टीला यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर सौदा मोडेल. दोन्हीकडची दलाली मिळून माझे 90 हजार होतात आणि घरात सध्या कमावणारा मी एकटाच आहे. सोमवारपर्यंत गप्प बसून वाट बघू का? जुन्या लोकांनी सुरुवातीला असं काही केलं असेल तर कृपया खरं काय झालं ते सांगा.

---

गोदाकाठची_ताई

तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. आज पहिल्यांदाच हे लिहून काढतेय.

मी नाशिकमध्ये 2006 पासून या कामात आहे. सुरुवात इंदिरानगरमध्ये भाड्याच्या फ्लॅटपासून झाली. मिस्टर अंबडला कंपनीत होते, एका पगारात भागत नव्हतं. 2007 मध्ये आडगावच्या पुढे एक एकराचा व्यवहार हाती आला, माझा पहिलाच जमिनीचा. घेणारे निवृत्त शिक्षक, जळगाव जिल्ह्यातले. फंडाचे पैसे आले होते आणि मुलगा नाशिकला नोकरीला होता, म्हणून त्यांना इकडे थोडी जमीन हवी होती. देणारा एक शेतकरी, त्याला एकच बहीण, निफाडकडे दिलेली. तिचं नाव इतर हक्कात होतं.

तू रकाना चुकीचा वाचलास. मी तो बरोबर वाचला होता. तलाठ्यांकडून फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद) काढून आणला होता, वडील वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा भावाचं नाव कब्जेदारात लागलं आणि बहिणीचं इतर हक्कात, हे मला कळलं होतं. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, माझी बहीण सोन्यासारखी आहे, सही कुठे जातेय?" आणि मी गप्प बसले. मुलाची अकरावीची फी भरायची होती. सरांना मी एवढंच म्हटलं, "कागद स्वच्छ आहेत."

हे तीन शब्द मी उच्चारले. बाकी सगळं त्यातून झालं.

सरांनी टोकन 1 लाख 1 हजार माझ्या हातात दिलं, मी ते भावाला दिलं. महिन्याने विसाराचे आणखी 3 लाख गेले. भावाने त्यातून ट्रॅक्टरचं कर्ज मिटवलं. मग बहिणीकडे सहीला माणूस पाठवला. बहिणीने सही दिली नाही. जाहीर नोटीस निघाली तेव्हा तिने वकिलामार्फत हरकत घेतली आणि पुढे वाटपाचा दावा लावला. भावाकडे परत द्यायला पैसे नव्हते.

सर कधी ओरडले नाहीत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जळगावहून एसटीने यायचे, बरोबर बाई असायच्या. आमच्या घराला बाहेर तीन पायऱ्या होत्या. आत या म्हटलं तरी बाई पायरीवरच बसून राहायच्या, मांडीवर पिशवी, पिशवीत पावती प्लास्टिकमध्ये घालून. पाणी घ्यायच्या, चहा घ्यायच्या नाहीत. असं दीड वर्ष चाललं. मिस्टर एकदा म्हणाले, "तू पैसे घेतलेले नाहीस, कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" पण पैसे माझ्या हातून गेले होते आणि कागद स्वच्छ आहेत असं मीच म्हटलं होतं. शेवटी पाटल्या गहाण ठेवून टोकनची रक्कम मी माझ्याकडून परत केली. मिळालेली अर्धी दलालीही दिली. उरलेले 3 लाख भावाने तुकड्यातुकड्याने 2009 च्या अखेरीपर्यंत दिले. सरांनी नाशिकला जमीन घेतलीच नाही. मुलाची बदली झाल्याचं नंतर कुणाकडून तरी कळलं.

आता जे तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले, ते. दावा चालू असताना एकदा मी स्वतः निफाडला त्या बहिणीकडे गेले. भाऊ नाही, वकील नाही, मी एकटी. मनात धरून गेले होते की बाई हट्टी असेल, जमिनीचे भाव वाढल्यामुळे अडून बसली असेल. आत गेले तर ओसरीवर खाटेवर त्यांची आई झोपलेली. सहा वर्षं आई मुलीकडे होती. दोन ऑपरेशनं झाली, भावाने एक रुपया दिला नव्हता. बाई मला म्हणाली, "त्याने येऊन मागितलं असतं तर मी सही दिली असती. त्याने भाच्याच्या हातून कोरा स्टॅंप पाठवला. आईला भेटायलाही तो आत आला नाही पोरगा, फाटकातूनच कागद दिला."

सौदा ठरायच्या आधी मी एक दिवस काढून निफाडला गेले असते तर आईची गोष्ट मला तेव्हाच कळली असती. आडगाव ते निफाड किती लांब आहे? मी त्या रकान्याकडे अडचण म्हणून पाहिलं. तिथे एक बाई राहते, तिला काहीतरी म्हणायचं असेल, हे डोक्यात आलंच नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे आणि आजवर मोडलेला नाही. सातबाऱ्यावर, आठ-अ वर (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), जुन्या फेरफारात जेवढी हयात नावं सापडतील तेवढ्यांना टोकनच्या आधी मी प्रत्यक्ष भेटते. फोनवर नाही. घरी जाते, पाणी पिते, विचारते. वारस नोंदीच्या फेरफारात कुणाचं नाव राहून गेलंय का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारते, कारण नाव राहून गेलं म्हणून हक्क जात नाही. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे, मालकीचा निवाडा नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, बाकी वकिलाला विचार. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. लग्नाला वीस वर्षं झाली याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि ही जमीन वडिलांची स्वकष्टाची असली आणि मृत्युपत्र नसलं, तरी मुली वारस आहेतच.

तू काय करायचंस? आज पार्टीला फोन कर. सोमवारची वाट बघू नकोस, 5 लाख हलले की तुझ्या हातात काही राहत नाही. जे सातबाऱ्यावर आहे तेच सांग, ते वाचायला मला उशीर झाला असं सरळ म्हण. साठेखत पुढे ढकल. मग भावांना सांग की मी बहिणींना भेटून येतो. नाही म्हणाले तर उत्तर तिथेच मिळालं. बहिणी तयार असल्या तर साठेखतात आणि खरेदीखतात त्यांची नावं लिहून देणार (म्हणजे विकणाऱ्या) म्हणून घाल, त्यांच्या हिश्शाचे पैसे त्यांच्या खात्यावर जाऊ देत. त्यांना खरोखर हिस्सा नको असेल तर भावांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र आधी होऊ दे. घरी बसून स्टॅंपवर लिहिलेलं किंवा नोटरी केलेलं चालत नाही, दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदवलेलं पाहिजे.

90 हजार जातील कदाचित. घरी तू एकटा कमावतोस हे वाचलं मी, म्हणून हे सहज लिहीत नाहीये.

---

ओझर_रोखठोक

ताईंबद्दल आदर आहे, पण एक बोलतो. प्रत्येक बहिणीच्या घरी चहापाण्याला जात बसलो तर सौदा शेजारचा एजंट करून मोकळा होईल. आमच्या भागात द्राक्षाच्या हंगामात पैसे आले की आठ दिवसांत जमिनी हलतात. शिवाय झोपलेल्या बहिणीला आपण जागं करायचं आणि तिने हिस्सा मागितला की भाऊ आपल्याला गावात फिरू देत नाहीत. हे काम वकिलाचं आहे. टायटल सर्च (मालकीच्या जुन्या कागदांचा शोध) लावा, वकील लिहून देईल, आपली जबाबदारी संपली. पोराने पार्टीला सांगावं हे मात्र मान्य. लपवू नये.

---

गोदाकाठची_ताई

सर्च लावायलाच पाहिजे, तीस वर्षांचा लावते मी. पण वकील कागद बघतो. निफाडच्या खाटेवरची आई कुठल्याच इंडेक्स टूमध्ये (नोंदवलेल्या दस्ताच्या उताऱ्यात) नव्हती.

सौदे गेले माझे, खरं आहे. मोजलेले नाहीत पण बरेच गेले. शेजारच्या एजंटने केलेले असे दोन व्यवहार अजून कोर्टात आहेत, त्यांतल्या एका पार्टीने पुढची जमीन माझ्याकडून घेतली. आणि बहीण झोपलेली नसते, भाऊ. तिला माहेरच्या जमिनीचा गट नंबर पाठ असतो. तिला कुणी विचारत नाही एवढंच. भावांच्या रागाचं म्हणाल तर तो मी सोसलाय, एका गावात दोन वर्षं गेले नाही. ती भीती खोटी नाही.

---

पुणे_बुकिंगवाला

जमिनीतलं मला कळत नाही, मी पुण्यात नवीन फ्लॅटच्या बुकिंगमध्ये आहे. पण "सांगू की नको" यावर माझाही अनुभव आहे.

2018 मध्ये मी नवीन होतो. महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) लागू होऊन वर्षभर झालं होतं (1 मे 2017 पासून), माझी स्वतःची एजंट म्हणून नोंदणी झालेली होती. एका बिल्डरकडे महारेरा नंबर यायचा होता, पण "लॉंचच्या आधीचा भाव" म्हणून चेक घेणं सुरू होतं. त्याला बुकिंग म्हणायचं नाही, "इच्छापत्र" म्हणायचं, असं आम्हाला सांगितलेलं. मी चार कुटुंबांचे चेक नेऊन दिले. एक माझी शाळेतली मैत्रीण होती. तिने विचारलं, "नंबर आलाय का?" मी म्हटलं, "येतोय, महिनाभरात." तो आला नाही. पैसे परत मिळायला चौघांना सव्वा वर्ष लागलं, व्याज नाही. मैत्रीण लग्नाला आली नाही माझ्या.

रेरा कायद्याच्या कलम 3 प्रमाणे नोंदणीशिवाय जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच करता येत नाही. आणि कलम 10 एजंटसाठी आहे: नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री एजंटने जुळवायची नाही. मोडलं तर कलम 62 खाली रोजचे 10 हजार, त्या फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत, आणि ते एजंटला. मला हे माहीत असायला हवं होतं. 2023 पासून महारेराने एजंटना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली तेव्हा बरेच जण कुरकुरले, मी नाही. माझ्या वेळी ते असतं तर निदान कलम 10 तरी वाचलं असतं.

अजून एक, फ्लॅटकडे वळलास तर: करारनामा नोंदवायच्या आधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. पार्टीला हे पहिल्याच भेटीत सांग. बिल्डरच्या सेल्स ऑफिसमधले नाराज होतात, होऊ देत.

---

बांधावरचा_मोजणीदार

भूमी अभिलेखमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. बहिणींचं ताईंनी सांगितलंच. मी फक्त जमिनीबद्दल बोलतो. 1 एकर 10 गुंठे सातबाऱ्यावर आहे, पण जागेवर? विहीर कुणाच्या हद्दीत येते? माझ्या नोकरीत असे बरेच सौदे पाहिले की विहीर दाखवून भाव घेतला आणि मोजणीत विहीर शेजाऱ्याकडे गेली, किंवा सामाईक निघाली. विहिरीची नोंदही इतर हक्कातच बघायची, पाण्याचा हिस्सा किती आणे ते तिथे असतं. तुझ्या उताऱ्यात बहिणींच्या खालच्या ओळी वाचल्यास का?

आणि रस्ता. गाडी आत जाते म्हणजे रस्ता आहे असं समजू नकोस. गटाच्या नकाशावर तो आहे का ते बघ. वहिवाटीचा असेल तर ज्याच्या बांधावरून जातो त्याला आधी भेट.

---

सिन्नरचा_नवखा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

ताईंचं उत्तर वाचलं त्याच रात्री पार्टीला फोन केला. हात थरथरत होता. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुम्ही हे टोकनच्या आधी बघायला हवं होतं." मी हो म्हटलं. नंतर म्हणाले, "पण सोमवारच्या आधी सांगितलंत." सोमवारचं साठेखत थांबवलं. थोरला भाऊ चिडला, धाकटा गप्प होता. 51 हजारांतले 20 हजार त्यांनी आधीच खतवाल्याला दिलेत. पार्टीने टोकन लगेच मागितलं नाही. नवीन पावती केली: 60 दिवसांत दोन्ही बहिणी लिहून देणार म्हणून आल्या नाहीत तर पूर्ण रक्कम बँकेतून परत. यावर भावांच्या सह्या घेतल्या.

गुरुवारी संगमनेरला थोरल्या बहिणीकडे गेलो. धाकटा भाऊ स्वतःहून बरोबर आला, थोरला नाही. मी विषय काढायच्या आधी त्यांनीच विचारलं, "विहिरीचा गट का?" ती विहीर त्यांच्या लग्नाच्या वर्षी खणली होती, म्हणून लग्न साधं केलं होतं. त्या सही देणार नाहीत असं म्हणाल्या नाहीत, देतील असंही नाही. म्हणाल्या, "थोरल्याला घरी यायला सांग. फोन नको." निघताना धाकट्या भावाला डबा दिला आणि दोघंही दारात थोडा वेळ उभे होते. मी गाडीपाशी जाऊन थांबलो.

धाकटी बहीण कोपरगावला आहे, तिच्याकडे रविवारी जातोय. व्यवहार होईल की नाही माहीत नाही. मोजणीदार काका, खालच्या ओळी वाचल्या. विहिरीत शेजारच्या गटाचा आठ आणे (म्हणजे निम्मा) हिस्सा आहे, तेही पार्टीला सांगितलं. मोजणीचा अर्ज भावांनी करायचा की पार्टीने?

---

बांधावरचा_मोजणीदार

भावांनी. अर्ज खातेदाराचाच लागतो. ताजा सातबारा जोड आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते आधीच लिहून काढ, नोटीस त्यांना जाते. मोजणीच्या दिवशी तू हजर राहा, आणि जमलं तर त्या संगमनेरच्या ताईंनाही बोलाव.